घोडेस्वार तोच, मग पटवतंय कोण?

मार्लबोरो सिगारेट आधी बायकांसाठी विकली जायची. १९५०च्या दशकात कॅन्सरची चर्चा वाढली, फिल्टरला मागणी आली. पण फिल्टरवाली सिगारेट पुरुषांना बायकी वाटे. म्हणून लिओ बर्नेटच्या जाहिरात कंपनीने काउबॉय आणला. तो आरोग्याबद्दल चकार शब्द काढत नाही, हीच त्याची करामत. दावाच नाही, तर तुम्ही खोडणार काय? १९७१ मध्ये अमेरिकेत टीव्हीवरच्या सिगारेट जाहिराती बंद झाल्या, तरी याचं अडलं नाही. होर्डिंगवर नुसता घोडेस्वार पुरे.

पुढे १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने तसेच दोन घोडेस्वार होर्डिंगवर चढवले. एक म्हणतो, "बॉब, मला माझ्या फुप्फुसाची आठवण येते." झकास! पण नीट बघा: घोडे, टोप्या, दोस्ती, सगळं शाबूत. मला तर ही निम्मी मार्लबोरोचीच जाहिरात वाटते. भीतीच्या जागी हसू आलं, रुबाब गेला का?

तेव्हा प्रबंधात "ही जाहिरात प्रभावी आहे" असं लिहिण्याआधी जरा थांबा. चित्र वाचून तंत्र सांगता येतं. बघणाऱ्यावर काय परिणाम झाला, यासाठी बघणाऱ्यांकडेच जावं लागेल. ते काम संशोधन आराखड्यात आधीच धरा, नाहीतर तो शब्द गाळा.