पिरॅमिडच्या तळाशी : ग्राहक की उत्पादक? सी. के. प्रल्हाद यांच्या मांडणीची चिकित्सा

दारिद्र्य निर्मूलनाच्या चर्चेत खाजगी उद्योगांना मध्यवर्ती स्थान देणारा ग्रंथ म्हणून सी. के. प्रल्हाद यांच्या ‘द फॉर्च्यून ॲट द बॉटम ऑफ द पिरॅमिड’ (२००४) या ग्रंथाचा उल्लेख करावा लागतो. जगातील सुमारे ४०० कोटी गरिबांकडे दयेचे पात्र म्हणून न पाहता ग्राहक म्हणून पाहिल्यास कंपन्यांना नफा आणि गरिबांना प्रतिष्ठा, दोन्ही साध्य होईल, अशी त्यांची मांडणी आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात ती बहुधा सुभाषितासारखी सांगितली जाते.

मिशिगन विद्यापीठातील त्यांचेच सहकारी अनील कर्नानी यांनी २००७ मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला. गरिबाला माल विकण्यापेक्षा त्याच्याकडून माल विकत घेणे अधिक महत्त्वाचे, हा त्यांचा मुद्दा प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटतो. शाम्पूच्या पुडीमुळे खर्च रोजच्या मिळकतीत बसतो हे खरे. पण त्यामुळे मजुरीत रुपयाचीही भर पडत नाही.

ग्रंथातील उदाहरणेच या दृष्टीने बोलकी आहेत. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय (१९७६) विश्वस्त संस्थेचे आहे. जयपूर फूट मोफत बसविणारी समिती तर सरळसरळ धर्मादाय आहे. यांच्या यशाचे श्रेय नफ्याच्या प्रेरणेला कसे द्यावयाचे?

आयटीसीच्या ई-चौपालचे उदाहरण मात्र वेगळे, आणि ग्रंथातील सर्वांत सकस आहे. २००० साली मध्य प्रदेशात सुरू झालेल्या या योजनेत शेतकऱ्याला गावातील संगणकावर सोयाबीनचा भाव आधीच कळू लागला. मंडीत माल नेल्यावर पडेल त्या भावाने तो विकण्याची सक्ती उरली नाही. अपराजिता गोयल यांच्या २०१० मधील अभ्यासानुसार या केंद्रांमुळे मंडीतील सोयाबीनचा भावही १ ते ३ टक्क्यांनी वाढला. म्हणजे कंपनीला माल न विकणाऱ्या शेतकऱ्यालाही लाभ पोहोचला. येथे शेतकरी ग्राहक नाही, विक्रेता आहे; प्रल्हाद यांचे सर्वोत्तम उदाहरण अशा रीतीने कर्नानींची बाजू बळकट करते. शिवाय मंडीबाहेर खरेदीस राज्य शासनाने मुभा दिली नसती, तर केवळ संगणकाने हे घडले नसते.

तथापि हा लाभ विकण्याजोगे पीक असणाऱ्यांचा आहे. भूमिहीन मजुराजवळ विकण्यासाठी श्रमच असतात. त्या श्रमाला मागणी कोठून येणार, हा प्रश्न वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्येच सार्वजनिक कामांच्या संदर्भात उपस्थित केला होता. प्रल्हाद यांच्या ग्रंथात त्याला गौण स्थान आहे.