नदीविना पूल

आज एका उद्यानाबद्दल बोलायचंय. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅल्हून काउंटीत, बॅटल क्रीक शहराजवळ जुने लोखंडी पूल ठिकठिकाणांहून आणून पुन्हा उभे केलेत. त्रिकोणी सांगाड्यांचे, म्हणजे ट्रस पद्धतीचे. त्यातला शार्लट हायवे पूल १८८६ चा, मूळचा आयोनिया काउंटीतल्या ग्रँड नदीवरचा.

नदी सुटली की पूल खोटा झाला, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. अहो, हे पूल कारखान्यात सुटे घडायचे, रेल्वेने यायचे आणि जागेवर सांध्यांत जाड पिना घालून उभे राहायचे. पिना काढा, न्या, परत जोडा. ही सोय रचनेतच आहे. त्या काळातही हमरस्त्यावरचा पूल काढून आडवाटेला लावत. शिवाय इथे दुरुस्तीत रिव्हेट तापवून ठोकलेत, नुसत्या बोल्टांवर भागवलेलं नाही. त्याला माझे पूर्ण मार्क.

माझी तक्रार वेगळी आहे. ट्रस कळतो तो वजनाखाली. भरलेली गाडी चढली की खालच्या पट्ट्या ताणल्या जातात, वरची तुळई दाबली जाते. म्हणून खाली सडपातळ पट्ट्या आणि वर पेटीसारखी जाड तुळई. उद्यानात पुलावरून फक्त पायी माणसं जातात, आणि एवढी लांबी कशासाठी हे सांगायला ग्रँड नदीचं पात्र खाली नाही. मग नजर नक्षीवरच रेंगाळते. माझ्या हातात असतं तर त्या पात्राची रुंदी आणि पुराची रेघ पुलाखालीच आखली असती.