मुक्याची साक्ष
बंदिवासातील ओर्कांविषयीच्या गॅब्रिएला काउपर्थवेट यांच्या ‘ब्लॅकफिश’ (२०१३) या अनुबोधपटावर सीवर्ल्ड या अमेरिकन कंपनीने एकांगीपणाचा आरोप केला; मुलाखतीस नकारही तिनेच दिला होता. स्वेच्छेने मौन पत्करणाऱ्यास त्या मौनाबद्दल दाद मागता येत नाही. तथापि एवढ्याने दिग्दर्शिकेचे उत्तरदायित्व संपत नाही. १९७० साली वॉशिंग्टनच्या किनाऱ्यालगत पिले पकडल्याची करुण कहाणी आधी येते. तिलिकुम १९८३ साली आइसलँडजवळ पकडला गेला, हे नंतर. पहिल्या घटनेचा शोक प्रेक्षक नकळत दुसरीवर आरोपित करतो. हे संकलनाचे सामर्थ्य होय, पुरावा नव्हे. तीन माणसांच्या मृत्यूंशी ज्याचे नाव निगडित झाले, त्या तिलिकुमला साक्ष देता येत नव्हती. म्हणूनच त्याच्या वतीने बोलणाऱ्याने अधिक काटेकोर असावयास हवे.