सिद्धगडची स्मृती : लाज, दोष आणि क्रियापद

रूथ बेनेडिक्ट यांच्या १९४६ मधील जपानविषयक ग्रंथाने ‘लज्जाप्रधान’ व ‘अपराधप्रधान’ संस्कृती हा भेद रूढ केला. पहिलीत मनुष्य लोकांच्या दृष्टीस भितो, दुसरीत स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीस. युद्धकाळातील कृत्यांविषयी राष्ट्रे जे बोलतात, त्याची उपपत्ती या भेदाने लावण्याचा प्रघात आहे. तो कितपत ग्राह्य आहे, हे शहापूर-मुरबाडच्या सह्याद्रीपट्टीतील सिद्धगडाच्या उदाहरणावरून तपासता येते.

महायुद्ध चालू असताना, २ जानेवारी १९४३ रोजी, मुरबाड तालुक्यातील या गडाच्या परिसरात भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे ते भूमिगत सैनिक. या घटनेच्या मराठी कथनात दोन वाक्ये बहुधा आढळतात : ‘फितुराने ठावठिकाणा कळवला’ आणि ‘वीर हुतात्मा झाले’. पहिल्यात कर्ता ठळक आहे. दुसऱ्यात क्रियापद अकर्मक असल्यामुळे मारणाऱ्यास वाक्यात स्थानच उरत नाही. परिणामी साऱ्या घटनेचा कलंक एकट्या फितुराच्या माथी येतो.

कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्येच जर्मन अपराधाचे फौजदारी, राजकीय, नैतिक व अतिभौतिक असे चार प्रकार मानले. त्या दृष्टीने फितुराचा दोष नैतिक, तर राज्यसत्तेचा राजकीय ठरतो. मराठीतील ‘लाज’ मात्र आपल्या माणसाचीच वाटते. परक्या सत्तेची लाज कोणी बाळगत नाही. म्हणून लाजेची भाषा फितुरापाशी थांबते.

हे केवळ पौर्वात्य लक्षण नव्हे. जालियनवाला बागेविषयी १० एप्रिल २०१९ रोजी ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत ‘लज्जास्पद’ या अर्थाचा शब्द वापरला, खेद व्यक्त केला, परंतु क्षमा मागितली नाही. अपराधप्रधान मानलेल्या संस्कृतीनेही लाजेचाच आश्रय घेतला. तेव्हा बेनेडिक्ट यांचा भेद संस्कृतींचा नसून वक्त्याच्या सोयीचा आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

स्मरणाचे कार्य गौरव करणे हे आहे, चौकशी नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. परंतु ‘कोणी मारले’ हा प्रश्न विचारताच आणखी एक अडचण पुढे येते. मुंबई प्रांताच्या पोलीस दलातील शिपाई बहुतांशी एतद्देशीयच होते. कर्ता उच्चारला, तर दोष केवळ इंग्रजांच्या पदरी टाकून मोकळे होता येत नाही. अकर्मक क्रियापद ही अडचण टाळते. स्मारकास ते शोभते; इतिहासलेखनास ते पुरत नाही.