तातीचा स्वर आणि भीमाकाठचा भोपळा

विवाल्दीच्या 'चार ऋतू'मधील 'वसंत' या कॉन्चेर्टोचा संथ, मधला भाग लक्ष देऊन ऐकावा. कुरणात शेळ्या राखणारा झोपला आहे. साथीच्या व्हायोलिनांत पानांची सळसळ आहे, मुख्य व्हायोलिनच्या सुरावटीत त्याची झोप आहे आणि खालच्या व्हिओलात त्याच्या कुत्र्याचे भुंकणे. हे भुंकणे जोरात, ओरबाडून वाजवावे, अशी सूचना विवाल्दीने स्वतः लिहून ठेवली आहे. तरीही आधुनिक वाद्यवृंदात हा कुत्रा बहुधा भुंकत नाही, सभ्यपणे ताल धरतो. मेंढीच्या आतड्यापासून वळलेली तात लावलेल्या व्हिओलावर मात्र तो खरोखर भुंकतो. कागदावरचे स्वर तेच असताना हा फरक का पडतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

'चार ऋतू' १७२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला बारा कॉन्चेर्टोंच्या संग्रहात छापले गेले. कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य आणि वाद्यसमूह यांचा संवाद. त्यातल्या जलद भागांत समूहाचा एक ठरलेला खंड पुन्हा पुन्हा येतो आणि त्यांच्या मधल्या जागेत एकटे व्हायोलिन मोकळे धावते. ख्यालात तान घेऊन मुखड्यावर येण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला ही बांधणी परकी वाटू नये. विवाल्दी १७०३ पासून व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवत होता आणि त्याच्या कितीतरी रचना या मुलींनी वाजवल्या.

त्या काळच्या व्हायोलिनची मान आखूड होती आणि आजच्याइतकी मागे कललेली नव्हती. तारा तातीच्या होत्या, त्यांवरचा ताण कमी होता. हनुवटीचा आधार नव्हता. तो १८२० च्या सुमारास आला. गजाची काडी सरळ किंवा बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेली असे. असा गज टोकाकडे हलका पडतो. त्यामुळे स्वर उगवतो, फुगतो आणि विझतो, बोलण्यातल्या शब्दासारखा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या फ्रान्स्वा तूर्तने आत वळलेल्या काडीचा गज पक्का केला. त्याने स्वर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या वजनाने ओढता येऊ लागला. पुढे सभागृहे मोठी झाली, तिकीट काढून येणारा श्रोता वाढला, आवाज मोठा हवा झाला. मान लांबवून मागे कलवली गेली, पोटातली पट्टी जाड झाली आणि विसाव्या शतकात पोलादी तार रुळली.

याला 'सुधारणा' म्हणण्याची रीत आहे. सोलापूरच्या वाचकाला या शब्दातली गोम वेगळी सांगायला नको. हातमाग जाऊन यंत्रमाग आला तेव्हा कापड वाढले. पण नक्षी तीच असली तरी हाताला लागणारा पोत तोच राहिला का? गंमत अशी की, आज मैफलींत वाजणारी स्ट्रादिवारीची जवळजवळ सगळी व्हायोलिने मान बदललेली आहेत. म्हणजे तीनशे वर्षांचे वाद्य नवा आवाज देते आणि जुन्या मापांबरहुकूम काल घडवलेले वाद्य जुना.

हा जुना आवाज युरोपला परत शोधावा लागला. निकोलाउस हार्नोन्कुर्टने १९५३ मध्ये व्हिएन्नात जुन्या वाद्यांचा वृंद उभारला. संग्रहालयातली वाद्ये मोजली गेली, जुने ग्रंथ उघडले गेले, तात वळण्याची आणि गज घडवण्याची कसबे पुन्हा शिकली गेली. त्यातही अंदाज आहेतच. आज 'जुना स्वर' म्हणून ४१५ कंपनांचा 'ए' लावतात. ही विसाव्या शतकातली सोय आहे. विवाल्दीच्या व्हेनिसमध्ये स्वर याहून चढा होता. म्हणून 'अस्सल' या शब्दावर माझा विश्वास नाही. शिवाय वाद्यच सगळे ठरवत नाही. गजाननबुवा जोशी आणि दा. के. दातार यांनी हेच आधुनिक व्हायोलिन मांडी घालून, तारांचा मेळ बदलून वाजवले आणि त्यातून गायकी काढली. हात वाद्याला वाकवतो, हे खरे. पण वाकवण्यासाठी ते वाद्य कशाचे आहे, हे हाताला कळावे लागते.

विवाल्दीने 'व्हिओला दामोरे' या वाद्यासाठीही कॉन्चेर्टो लिहिले. त्यात गजाच्या तारांखाली दुसऱ्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही; त्या आपोआप झंकारतात. आपण त्यांना तरफा म्हणतो. युरोपात हे वाद्य मागे पडले. आपल्याकडे सारंगीत तात आणि तरफा दोन्ही टिकल्या, पण सारंगिये कमी झाले आणि साथीला हार्मोनियम बसली.

तंबोऱ्याचेही आता तेच होऊ घातले आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचा भोपळा आपल्या जिल्ह्यातला, पंढरपूर परिसरातल्या भीमाकाठचा. खायला नालायक असा हा कडू भोपळा शेतकरी वाद्यासाठीच पिकवतो. तो वाळतो, मिरजेला जातो आणि जवारी लागल्यावर बोलू लागतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा रियाजाला सोयीचा आहे, हे मान्य. पण तो एकच आवर्तन जसेच्या तसे फिरवतो. खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक छेड थोडी वेगळी पडते आणि गाणाऱ्याचा कान तिथे घडतो.

मानांकनाने नाव राखले जाईल. भोपळ्याला गिऱ्हाईक मात्र गवयांनी आणि संगीत विद्यालयांनीच द्यायचे आहे. युरोपला तुटलेली साखळी संग्रहालयातून जोडावी लागली. आपली साखळी अजून शेतातून कारखान्यात आणि कारखान्यातून मैफलीत जाते आहे. ती तुटू दिली, तर पन्नास वर्षांनी आपल्यालाही फुटपट्टी घेऊन काचेच्या कपाटापुढे उभे राहावे लागेल.