दुसऱ्या सिंहाची गोष्ट

सिंहाचा विषय निघाला की संस्कृतच्या तासाला एक सुभाषित हमखास आठवते. रानात सिंहाला कोणी राज्याभिषेक करीत नाही. स्वतःच्या पराक्रमाने तो आपोआप प्राण्यांचा राजा होतो, असा त्याचा आशय. सुभाषित सुंदर आहे, पाठ व्हायलाही सोपे आहे. मात्र त्यातला सिंह एकटा आहे. खऱ्या रानातला नर सिंह बहुधा एकटा नसतो, आणि एकटा असला तर त्याचे राज्य फार दिवस टिकत नाही. आपल्या मनातले ‘वनराजा’चे चित्र इथेच प्रथम चुकते.

हे आठवायला निमित्त झाले ते एका चित्रपटाचे. ‘मुफासा: द लायन किंग’ हा बॅरी जेन्किन्स यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट डिसेंबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. हिंदीत मुफासाला शाहरुख खान यांचा आवाज असल्यामुळे आमच्या येवल्यातल्या मुलांनीही तो आवडीने पाहिला. १९९४ चा ‘द लायन किंग’ हा हाताने रेखाटलेला चित्रपट होता. ते कार्टून आहे हे लहान मुलालाही कळत होते. २०१९ ची नवी आवृत्ती आणि आताचा ‘मुफासा’ यांची गोष्ट वेगळी आहे. यातले सिंह संगणकावर तयार केलेले असले तरी आयाळीचा केस न् केस खरा वाटतो. मुले तो निसर्गपट समजूनच पाहतात. म्हणून या चित्रपटाची परीक्षा निसर्गपटाच्या कसोटीवर घेतली तर ती अन्यायाची होणार नाही.

कथा थोडक्यात अशी. मुफासा नावाचा छावा पुरात वाहून जातो आणि आईवडिलांना दुरावतो. टाका नावाचा दुसरा छावा त्याला वाचवतो. टाकाची आई एशे त्याला पोटाशी धरते. कळपाचा प्रमुख ओबासी मात्र त्याला परका मानून सिंहिणींबरोबर राहायला लावतो. पुढे पांढऱ्या सिंहांच्या हल्ल्यामुळे दोघा तरुणांना घर सोडून पळावे लागते. वाटेत साराबी नावाची सिंहीण भेटते. ती मुफासाकडे ओढली जाते, टाकाच्या मनात मत्सर शिरतो आणि तो मुफासाला शत्रूच्या हाती देतो. शेवटी मुफासा राजा होतो, तर टाका ‘स्कार’ हे नाव घेऊन पुढच्या गोष्टीतला खलनायक बनतो.

चित्रपटावर वर्गात बोलणे निघाले, तेव्हा मी विचारले, “टाका असा का वागला?” मागच्या बाकावरून चटकन उत्तर आले, “सख्खे भाऊ नव्हते ना सर, म्हणून.” वर्गाने माना डोलावल्या. त्याच वर्गात मावशीकडे राहून शिकणारा एक मुलगा आहे. तो खाली बघत होता. या उत्तराची शहानिशा करायलाच हवी, असे मला तेव्हा वाटले.

आधी चित्रपटाचे जे बरोबर आहे ते मान्य करू. नर छावे साधारण दोन ते चार वर्षांचे झाले की जन्मकळप सोडतात. बऱ्याचदा मोठे नर त्यांना हाकलूनच लावतात. मग हे तरुण दुसऱ्यांच्या हद्दी चुकवीत, मिळेल ते खात भटकतात. या वणवणीत जे सोबती जुळतात, ते पुढे आयुष्यभर एकत्र राहू शकतात. अशा गटाला शास्त्रज्ञ आघाडी म्हणतात. राजकारणामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, पण सिंहांची आघाडी त्या मानाने बरीच टिकाऊ असते! तेव्हा घर सुटलेल्या दोन तरुण नरांनी एकमेकांच्या आधाराने वाट काढणे ही चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना अस्सल आहे. ‘राजा’च्या आधी ‘सोबती’ दाखवणारा सिंहपट म्हणून त्याला गुण द्यायला हवेत.

आता मागच्या बाकावरच्या उत्तराकडे वळू. आघाडीतले नर सख्खेच असतात का? टांझानियातल्या सेरेंगेटीत क्रेग पॅकर आणि अ‍ॅन प्युझी यांनी अनेक वर्षे सिंहांचा अभ्यास केला. बऱ्याच आघाड्यांत एकमेकांशी नाते नसलेले नर असतात, हे त्यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. १९९१ मध्ये डीएनएच्या तपासणीतून चित्र अधिक स्पष्ट झाले. चार किंवा अधिक नरांची मोठी आघाडी असली तर ते नातलग असतात. दोघा-तिघांच्या आघाडीत परके असू शकतात. याचे कारणही कळले. लहान आघाडीत पितृत्वाचा वाटा बराचसा समान पडतो. मोठ्या आघाडीत काहींना काहीच मिळत नाही. मग अशा रिकाम्या हाताच्या नराने का राहावे? भावाची पिल्ले वाढली तर आपल्याही रक्ताचा अंश पुढे जातो, म्हणून. परक्याला तेवढाही लाभ नसतो.

मग परके सोबती संकटात दगा देतात का? याचीही परीक्षा झाली आहे. जॉन ग्रिनेल, पॅकर आणि प्युझी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी नरांच्या डरकाळ्या ध्वनिवर्धकावरून ऐकवल्या. हद्दीत कोणी घुसले असे वाटून तिथले नर आवाजाच्या रोखाने चालून गेले. सोबती नातलग आहे की परका, यावरून त्यात फरक पडला नाही. आपण काय करतो हे सोबत्याला दिसत नसतानाही ते मागे हटले नाहीत. हद्द गेली तर दोघांचीही जाणार, तेव्हा मागे राहण्यात कोणाचाच फायदा नाही.

‘सख्खे नव्हते म्हणून’ हे उत्तर सिंहांच्या बाबतीत असे चुकते.

पण सगळे सिंह सारखेच वागतात असेही नाही. आपल्या शेजारच्या गुजरातेतले सिंह पाहा. २०२५ च्या गणनेत तिथे ८९१ सिंहांची नोंद झाली. गीरमध्ये नर आणि माद्या बहुतेक काळ वेगवेगळ्या गटांत राहतात; मीलनाच्या वेळी, किंवा एखाद्या मोठ्या शिकारीवर, एकत्र येतात. तिथल्या नरांच्या आघाड्यांवर स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आघाडीत उघड उतरंड आढळली. मीलनाच्या ७० टक्क्यांहून अधिक संधी वरचढ नराने घेतल्या आणि खाण्यातही त्याचा वाटा दुय्यम नरापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे टाकासारखा ‘दुसरा सिंह’ गीरमध्ये खरोखरच असतो. त्याच्या वाट्याला कमी येते, आणि तरी तो राहतो, कारण एकट्या नराला हद्द राखणे फार अवघड असते. आणि वरचढ नर ज्या बळावर वरचढ म्हणून मिरवतो, त्यात या दुसऱ्याचे बळ धरलेले असते.

माझा चित्रपटावरचा मुख्य आक्षेप इथे आहे. चित्रपटाने एक खरी जोडी उभी केली, आणि ‘राजा एकच असतो’ हे जुने सुभाषित खरे करण्यासाठी ती मोडून टाकली. दुसऱ्या सिंहासाठी कथेत दोनच जागा उरतात: सिंहासन किंवा खलनायकी. ज्याच्यामुळे पहिला उभा आहे अशा दुसऱ्याची तिसरी जागा, जी रानात सर्रास आढळते, ती लेखकाला सुचत नाही.

याच हट्टापायी बाकीचे जीवशास्त्रही वाकवले गेले आहे. सिंहांत गादी वारशाने मिळत नाही. कळपाचा कणा असतो एकमेकींच्या नात्यातल्या सिंहिणींचा. आजी, आई, मुली पिढ्यान्पिढ्या त्याच परिसरात राहतात. सेरेंगेटीत नर येतात, साधारण दोन-तीन वर्षे टिकतात आणि दुसऱ्या आघाडीकडून हटवले जातात. टाकाला बापाची गादी मिळणार होती, हीच कल्पना माणसांच्या राजवाड्यातून आणलेली आहे.

साराबीचेही तसेच. ती दोघांतल्या भांडणाचे निमित्त होते आणि विजेत्याच्या वाट्याला येते. खरी सिंहीण इतकी साधी नाही. बाहेरून आलेले नर आधीच्या नरांचे छावे बहुधा मारून टाकतात, कारण छावे गेले की माद्या लवकर पुन्हा माजावर येतात. त्यावर गीरमधल्या सिंहिणींचा तोड २०१९ च्या अभ्यासातून पुढे आला. त्या आजूबाजूच्या अनेक आघाड्यांतल्या नरांशी मीलन करतात. छावे कोणाचे, हा संशय राहिला की नर त्यांना हात लावायला धजत नाहीत. चित्रपटातल्या बक्षिसापेक्षा ही सिंहीण कितीतरी चतुर आहे.

एक आक्षेप मात्र मी घेणार नाही. परक्या नर छाव्याला सिंहिणीने जवळ करणे विरळा आहे, पण त्याला अशक्य म्हणण्याचे धाडस नको. गीरमध्ये २०१८ च्या अखेरीस एका सिंहिणीने चक्क बिबट्याचे पिल्लू आपल्या छाव्यांबरोबर सुमारे दीड महिना सांभाळल्याची नोंद आहे.

आपण शिक्षकांनी या सगळ्याचे काय करायचे? चित्रपटावर बंदी घालायची नाही. तो दाखवावा, आणि मग मुलांना घेऊन जवळचे रान पाहावे. येवल्याला सिंह नाहीत, पण तालुक्यातच ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट आहेत. हा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. सकाळच्या वेळी दुरून, गडबड न करता पाहिले तर तरुण नरांचे वेगळे कळप दिसतात. आईच्या कळपातून बाहेर पडलेले हे तरुण एकत्र चरतात, शिंगे भिडवून ताकद आजमावतात. दुसरीकडे एखादा पूर्ण काळा नर आपल्या तुकड्यावर एकटा उभा असतो. तो डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव काड्यांना लावून आणि ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करून हद्द आखतो.

सुरुवात सिंहांसारखीच, घर सुटलेले तरुण इथेही सोबतीने राहतात. पुढे मात्र काळवीट जागा मिळवायला एकटा जातो आणि सिंह सोबत्याला घेऊन जातो. असे का? सिंहिणींचा कळप एकत्र राहतो आणि तो राखायला एकटा नर पुरत नाही. काळविटाला जमिनीचा लहान तुकडा राखायचा असतो, माद्या तिथे येतात आणि जातात. हा फरक मुलांनी स्वतः निरीक्षण करून, वहीत नोंदी करून शोधावा. एका चित्रपटाची याहून चांगली परतफेड कोणती?

शेवटी एक सावधगिरी. “बघा, सिंहसुद्धा मैत्री जपतात, तुम्हीही जपा,” असे तात्पर्य काढण्याचा मोह आवरावा. तेच सिंह छावेही मारतात. मग तेही अनुकरणीय म्हणायचे का? रानातली वागणूक समजून घ्यायची असते, तिच्यात नीतिपाठ शोधायचा नसतो.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात एवढेच सांगितले: सख्खे-परके यावरून सिंहही सोबत सोडतात असे दिसत नाही. आणि सोडत असते, तरी माणसांची नाती त्यांच्या मापाने मोजायची गरज नव्हती. मावशीकडचा मुलगा या वेळी खाली बघत नव्हता. त्याने विचारले, “सर, ममदापूरला कधी जायचे?”