चार गोळ्यांची सुरक्षितता

औषधांच्या व्यवहारात आलेल्या नव्या तंत्राविषयी सध्या कौतुकाने बोलले जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या देशात ३०० औषधी ब्रँडांवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले. मोबाइल धरला की औषधाचे नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख आणि परवाना क्रमांक समोर येतो. यामुळे नकली औषधांना आळा बसेल व रुग्ण सुरक्षित होईल, असा दावा आहे. हा दावा कोणत्या रुग्णाला समोर ठेवून केला आहे, हे तपासणे मला आवश्यक वाटते.

माझी माय रक्तदाबाची रुग्ण आहे. तिला अक्षरओळख नाही. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. मागे गावी गेलो तेव्हा तिने पदराच्या गाठीतून चार गोळ्या काढल्या. मी कोड शोधू लागलो. तो नव्हताच. दुकानदाराने तिच्याजवळच्या पैशांत बसतील तेवढ्या गोळ्या कातरीने कापून दिल्या होत्या. दुकानात जाऊन पाहिले, तर कोड खोक्यावर होता. नियमच असा की पट्टीवर जागा पुरत नसेल तर तो बाहेरच्या वेष्टनावर छापावा. मुदतीची तारीख पट्टीच्या दुसऱ्या तुकड्याबरोबर आणखी कुणाच्या घरी गेली होती.

"मंग मला कसं कळावं बाबा, ही गोळी चांगली हाय का न्हाई?" माय म्हणाली. वर्गात मी समीक्षा शिकवतो. तिला मात्र उत्तर देऊ शकलो नाही.

जो रोज कमावतो तो औषधही रोजच्या हिशेबाने घेतो. अखंड पट्टी, मोबाइल आणि इंग्रजी वाचणारे डोळे ज्याच्या घरी आहेत, त्याच्याशीच हा कोड बोलतो. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली तेव्हा सुरुवातीला कोविनवर नोंदणी सक्तीची होती. ही डिजिटल दरी सर्वोच्च न्यायालयालाही दाखवून द्यावी लागली. अक्षर मूठभरांच्या हाती ठेवायचे आणि उरलेल्यांच्या अज्ञानाला दोष द्यायचा, ही या समाजव्यवस्थेची जुनीच रीत आहे.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. कोड वेष्टनाची ओळख सांगतो. आतल्या औषधाची परीक्षा करत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधील डायएथिलीन ग्लायकॉलमुळे १४ रुग्ण मेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सडलेली साखळी उघडी पाडली. तरीही २०२५ मध्ये तेच विष कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात निघाले आणि मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाड्यात, २० हून अधिक बालके दगावली. ते औषध तमिळनाडूतील परवाना असलेल्या कारखान्यात तयार झाले होते. त्या बाटलीवर कोड असता तर त्याने उत्पादक, बॅच, परवाना सारे अचूक सांगितले असते. मूल मात्र वाचले नसते.

म्हणून मी यंत्राला नकार देतो असे नाही. एखादी बॅच दूषित ठरली तर तो माल कुठे गेला, हे नोंदींमुळे झटकन कळू शकते. लशींच्या साठ्यासाठी ई-विन ही यंत्रणा आहे. तीत शीतसाखळी केंद्रावरील कर्मचारी मोबाइलवर साठा नोंदवतो. तापमान बिघडले की इशारा जातो. तिथे बाळाच्या आईला काहीच वाचावे लागत नाही. जबाबदारी पगारी माणसावर आहे. क्यूआर कोडाने मात्र पडताळणीचे काम रुग्णाच्याच गळ्यात घातले आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. कारखान्यातल्या तपासणीचे उत्तरदायित्व शासनाने घ्यावे. आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्यासोबत औषधाचे नाव, बॅच व मुदत दुकानदाराने मराठीत लिहून द्यावी, मागणाऱ्याला वाचूनही दाखवावी. हे होत नाही तोवर रुग्णसुरक्षा हा शब्द खोक्यावरच राहील, आणि खोके दुकानातच राहते.